किनाऱ्यावरील छोट्या निवासासाठी पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली : पहिल्या वहीपासून वार्षिक आढाव्यापर्यंत

सिंधुदुर्ग हा १९९७ साली देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि त्यानंतर मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, वेंगुर्ला या पट्ट्यातील कित्येक घरांच्या पडव्या आणि मागील दारच्या खोल्या पाहुण्यांसाठी सज्ज झाल्या. आमचे घरही त्यांपैकीच एक आहे. आठ खोल्या, एक स्वयंपाकघर, एक विहीर, एक सेप्टिक टँक आणि हंगामात राबणारी पाच माणसे, एवढाच आमचा पसारा आहे. एका वर्षी आम्ही प्लास्टिकच्या स्ट्रॉ काढून टाकल्या, खोल्यांतून कापडी पिशव्या ठेवल्या आणि फाटकावर ‘पर्यावरणपूरक निवास’ असा फलक लावला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्वयंपाकघरामागचा शोषखड्डा तुडुंब भरला आणि सांडपाणी माडांच्या आळ्यांतून वाहत विहिरीच्या दिशेने निघाले. स्ट्रॉ बदलण्याचा निर्णय घरात बसून सर्वांनी घेतला होता. शोषखड्ड्याकडे शेवटचे कधी पाहिले होते, हे मात्र कुणालाच सांगता आले नाही.

पर्यावरण व्यवस्थापन प्रणालीची गरज कशासाठी असते, हे त्या दिवशी कळले. आपल्या व्यवसायामुळे पाणी, माती, हवा आणि जिवांवर काय परिणाम होतो हे ओळखणे, त्यातील कोणता परिणाम आधी हाताळायचा हे ठरवणे, जबाबदारी नेमणे, मोजणे, लिहून ठेवणे आणि ठरल्या दिवशी पुन्हा तपासणे, या नेमाच्या साखळीला प्रणाली म्हणायचे. सौरपट्ट्या, बांबूची खुर्ची किंवा खतखड्डा ही तिची फळे असू शकतात, परंतु त्या वस्तू विकत घेतल्याने प्रणाली तयार होत नाही.

या विषयातील सर्वमान्य मानक म्हणजे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे आयएसओ १४००१. ते १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झाले, २००४ आणि २०१५ मध्ये त्यात सुधारणा झाल्या, आणि २०२४ मध्ये जोडलेल्या दुरुस्तीनुसार हवामानबदलाचा आपल्या कामाशी संबंध आहे का, याचा विचार करणे आवश्यक ठरले. निवासव्यवस्थांसाठी आयएसओ २१४०१ हे वेगळे मानक २०१८ साली आले असून त्यात पर्यावरणाबरोबर सामाजिक आणि आर्थिक बाजूही येतात. आठ खोल्यांच्या घराने लगेच प्रमाणपत्राच्या मागे लागावे असे मला वाटत नाही. पण या मानकांचा सांगाडा, म्हणजे नियोजन, अंमलबजावणी, तपासणी आणि सुधारणा हे चक्र, फुकट वापरता येते आणि ते लहान घरालाही चपखल बसते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : हद्द, माणूस आणि एक पानाचे धोरण

प्रथम प्रणालीची हद्द ठरवावी. खोल्या, स्वयंपाकघर, बाग, विहीर आणि पार्किंग हे उघडच आत येते. कपडे बाहेर धुवायला जात असतील, पाहुण्यांना आपण ठरावीक होडीवाल्याकडे पाठवत असू किंवा मासळी रोज एकाच ठिकाणाहून येत असेल, तर तेही यादीत लिहावे. त्या गोष्टींवर आपला ताबा नसतो, पण शब्द चालतो, आणि मानकालाही हा भेद मान्य आहे.

त्यानंतर एका माणसाचे नाव ठरवावे. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवायचे’ असे ठरले की कुणीच लक्ष ठेवत नाही, हा प्रत्येक एकत्र कुटुंबाचा अनुभव असतो. मालकानेच हे काम घ्यावे असेही नाही. आमच्याकडे रोज सकाळी सात वाजता मीटर वाचून लिहिण्याचे काम खोल्यांची सफाई पाहणाऱ्या मावशींकडे आहे, कारण त्या वेळी आवारात हमखास असणारी व्यक्ती त्याच आहेत. मालकाचे काम वेगळे आहे : मावशींनी लिहिलेले आठवड्यातून एकदा वाचणे आणि त्यावर निर्णय घेणे. मालकाने वही वाचली नाही तर दोन महिन्यांत नोंदी बंद पडतात.

धोरण एका पानापेक्षा मोठे नसावे आणि ते घरातील भाषेतच लिहावे. त्यात तीन वचने असायलाच हवीत : प्रदूषण होऊ न देण्याचे आणि परिसर जपण्याचे, लागू असलेले कायदे पाळण्याचे, आणि काम सतत सुधारत नेण्याचे. चौथे वाक्य आपल्या जागेविषयी असावे. आमच्या पानावर ‘या आवारातील सांडपाणी आमच्या किंवा शेजाऱ्यांच्या विहिरीत जाणार नाही, याची आम्ही काळजी घेऊ’ असे लिहिले आहे. हे एक वाक्य भिंतीवर असले की पुढची अर्धी कामे आपोआप सुचतात.

दुसरी पायरी : आवाराची फेरी आणि पैलूंची यादी

मानकाच्या भाषेत कामातील ज्या भागामुळे परिसराशी देवघेव होते त्याला पर्यावरणीय पैलू म्हणतात, आणि त्यातून होणाऱ्या बदलाला परिणाम म्हणतात. टॉवेल धुणे हे काम आहे; त्यात वापरलेले पाणी आणि बाहेर पडणारे साबणाचे पाणी हे पैलू आहेत; विहिरीची पातळी उतरणे आणि माती किंवा पाणी दूषित होणे हा परिणाम आहे. ही यादी खुर्चीत बसून करू नये. वही घेऊन फाटकापासून सुरुवात करावी आणि पाहुणा जसा फिरतो तसे खोली, न्हाणीघर, जेवणघर असे जात शेवटी पाहुणा कधी पाहत नाही त्या मागील दारी थांबावे. ही फेरी दोनदा करावी : एकदा मे महिन्यात घर भरलेले असताना, आणि एकदा जुलैत पाऊस कोसळत असताना. कोरड्या दिवसात निर्दोष दिसणारे गटार पावसात कुठून वाहते, हे त्याशिवाय कळत नाही.

वहीत चार रकाने पाडावेत : काम, त्यासाठी काय वापरले, काय बाहेर पडले, आणि ते कुठे गेले. चौथा रकाना सर्वांत मोलाचा आहे. ‘तळणीचे तेल’ असे लिहिल्यावर ‘कुठे गेले’ यापुढे ‘मोरीत’ असे लिहावे लागले, तर सेप्टिक टँकवर तवंग का साचतो याचे उत्तर तिथेच मिळते. ‘वापरलेली पॅड आणि लहान मुलांचे डायपर’ यापुढे ‘मागे जाळले’ असे लिहावे लागले, तर ती नोंद लपवू नये. यादी खरी असेल तरच उपयोगाची.

आमच्या यादीत पहिल्या फेरीतच चाळीसच्या वर नोंदी झाल्या, आणि सगळ्या एकदम हाताळणे अशक्य होते. निवड करताना प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारावेत. हे किती वेळा घडते? घडले तर होणारे नुकसान भरून येण्यासारखे आहे का? याबाबत कायद्याचे बंधन आहे का, किंवा शेजारी, ग्रामपंचायत, मच्छीमार यांची तक्रार आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना एक ते तीन गुण द्यावेत आणि गुणाकार करावा. तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेल तर गुण कितीही कमी असले तरी ती नोंद महत्त्वाच्या यादीत घ्यावी. अशा रीतीने पहिल्या वर्षासाठी पाच ते सात पैलू निवडावेत. किनाऱ्यावरील बहुतेक घरांत त्यात सांडपाणी, विहिरीचा उपसा, ओला-सुका कचरा, वीज आणि रात्रीचे दिवे हे येणारच.

तिसरी पायरी : लागू कायद्यांची वही

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती टाळून पुढे गेलेल्या घरांना नंतर नोटिशीला उत्तर देत बसावे लागते. प्रत्येक कायद्यापुढे आपल्याला लागू होणारी अट, तिचा पुरावा कुठे ठेवला आहे आणि नूतनीकरणाची तारीख, एवढे लिहावे.

पाणी प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ चा आणि हवेचा १९८१ चा. या दोन्हींखाली हॉटेल-निवासांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागू शकते, आणि आपला प्रवर्ग कोणता हे खोल्यांची संख्या, बॉयलर वगैरे बाबींवर ठरत असल्याने मंडळाच्या विभागीय कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून विकास निषिद्ध पट्टा सामान्यतः २०० मीटरचा असतो, आणि २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त दाट वस्ती असलेल्या भागात तो ५० मीटरचा होतो. नवी खोली, कुंपण किंवा समुद्राकडील ओटा बांधण्याआधी मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपली जागा पाहून घ्यावी.

कचऱ्याबाबत दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी आस्थापना मोठी कचरा-उत्पादक ठरते. आठ खोल्यांचे घर त्या रेषेच्या बरेच खाली असते, पण वर्गीकरण करूनच कचरा देण्याचे बंधन सर्वांनाच आहे. महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर मार्च २०१८ मध्ये बंदी आली आणि देशभरात एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हे लग्न आणि वाढदिवसाचे कार्यक्रम घेणाऱ्यांनी नोंदवहीत ठळक लिहून ठेवावे. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणाऱ्या घटकांचे) प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, अशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा आहे.

चौथी पायरी : मोजणे

वापर मोजलेला नसेल तर तो आवरणार कसा? आरंभी फक्त पाच आकडे पुरतात : पाण्याच्या मीटरचे वाचन, विजेच्या मीटरचे वाचन, वापरलेले गॅस सिलिंडर, पिशव्या मोजून सुका कचरा, आणि त्या रात्री राहिलेले पाहुणे. पाण्याचे मीटर पंपाच्या नळीवर बसवण्याचा खर्च एका चांगल्या गादीपेक्षा कमी येतो, आणि माझ्या मते पहिला खर्च तोच करावा.

पाचव्या आकड्याला विसरू नये, कारण त्याशिवाय पहिले चार काहीच सांगत नाहीत. समजा, मे महिन्यात आवारात रोज सरासरी १४ पाहुणे होते. म्हणजे ३१ दिवसांत ४३४ पाहुणा-रात्री झाल्या. मीटरने १,०४,१६० लिटर दाखवले असतील, तर दर पाहुणा-रात्रीला २४० लिटर पाणी गेले. सप्टेंबरमध्ये केवळ १२० पाहुणा-रात्री झाल्या आणि मीटर ४२,००० लिटरवर थांबले, तर मालकाला वाटेल की पाणी निम्म्याहून कमी लागले, सर्व ठीक आहे. प्रत्यक्षात दर पाहुणा-रात्रीचा वापर ३५० लिटरवर गेला आहे. पाहुणे नसतानाही पाणी कुठेतरी वाहत आहे, हे त्या भागाकाराने उघड होते. तुलनेसाठी सांगायचे, तर राष्ट्रीय इमारत संहितेत साध्या हॉटेलांसाठी दर खाटेला दिवसाला १८० लिटर हा आराखड्याचा आकडा धरलेला आहे.

गळती शोधण्याचा सोपा उपाय रात्रीचा आहे. टाकी भरून झाली की पंप बंद करावा, रात्री ११ वाजता टाकीतील पाण्याची पातळी काठीवर खूण करून घ्यावी आणि पहाटे ५ वाजता पुन्हा पाहावी. आम्ही हे केले तेव्हा पातळी चार बोटे उतरली होती, आणि सर्व नळ बंद होते. शेवटी तीन नंबरच्या खोलीतील कमोडच्या टाकीत हळदीचे पाणी टाकून पाहिले. दहा मिनिटांत खालचे भांडे पिवळे झाले. आतले रबर झिजले होते आणि पाणी आवाज न करता कित्येक महिने जात होते. दर सेकंदाला एक थेंब गळणारा साधा नळसुद्धा दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी घालवतो. नव्या शॉवरवर खर्च करण्याआधी रबर, वॉशर आणि बॉलकॉक बदलावेत.

पाचवी पायरी : पाणी आणि सांडपाणी

या विषयावर मी मुद्दाम अधिक लिहीत आहे, कारण किनाऱ्यावरचा सर्वांत गंभीर परिणाम इथे होतो आणि पाहुण्यांना तो कधीच दिसत नाही. देवबाग हा एका बाजूला कर्ली खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्या मधला वाळूचा अरुंद पट्टा आहे. अशा जागी गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थरात असते. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते, आणि एकदा विहीर मचूळ झाली की ती पूर्ववत व्हायला फार काळ जातो. शिवाय वाळूत सांडपाणी झपाट्याने मुरते, म्हणजे गाळले जाण्याआधीच ते विहिरीपर्यंत पोहोचू शकते. वर सड्यावर, म्हणजे उंचावरच्या खडकाळ पठारावर, जांभा असतो. त्याच्या भेगांतूनही पाणी असेच न गाळता पुढे जाते.

म्हणून पहिले काम नकाशाचे. साध्या कागदावर आवार काढून विहीर, सेप्टिक टँक, शोषखड्डा, शेजाऱ्यांच्या विहिरी आणि जमिनीचा उतार दाखवावा. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान १५ ते १८ मीटर अंतर असावे, आणि वाळूत त्याहून अधिक असेल तर उत्तम. अंतर कमी असेल तर शोषखड्डा हलवावा. ते शक्य नसेल तर पिण्याचे पाणी दुसऱ्या स्रोतातून घ्यावे. जागा नाही म्हणून दोन्ही शेजारीशेजारी ठेवण्यात पाहुण्यांबरोबर आपल्या घरातील मुलांचाही धोका आहे.

दुसरे काम तपासणीचे. हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली स्वस्त मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून सावलीत एक ते दोन दिवस ठेवले आणि पाणी काळे पडले, तर मैलाजन्य जिवाणूंचा संशय घ्यावा. ही चाचणी मे महिन्यात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर अवश्य करावी. संशय आल्यास ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत किंवा स्वतः जाऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा, आणि निकालाचा कागद वहीत लावावा.

तिसरे काम सेप्टिक टँकच्या देखभालीचे. गाळ दोन ते तीन वर्षांनी उपसावा, आणि हंगामी व्यवसायात तो दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी, ऑक्टोबरमध्ये, उपसणे सोयीचे जाते. मैला उपसणारी गाडी गाळ कुठे रिकामी करते, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. आपल्या टाकीतला मैला रात्री खाडीत ओतला गेला तर आपली प्रणाली कागदावरच राहिली. टाकीत माणसाला कधीही उतरवू नये. आतला विषारी वायू क्षणात जीव घेतो, आणि हाताने मैला साफ करवून घेणे कायद्याने गुन्हा आहे. न्हाणीघरात ॲसिड आणि फिनेल सढळ हाताने ओतले की टाकीतील मैला कुजवणारे जिवाणू मरतात. आमच्याकडे मावशींना मापाचे झाकण दिल्यापासून तो वापर आटोक्यात आला.

चौथे काम दोन पाण्यांची फारकत. शौचालयाचे पाणी सेप्टिक टँकमध्ये आणि न्हाणीघर-मोरीचे पाणी वेगळ्या नळीने, तेलकट थर अडवणाऱ्या छोट्या हौदातून, केळी आणि कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. टाकीवरचा भार यामुळे बराच घटतो. वाफ्यात पाणी साचून राहत असेल तर तो लहान पडतो आहे असे समजावे आणि वाढवावा, अन्यथा डास होतात.

पावसाच्या पाण्याचा हिशोब तर डोळे उघडणारा आहे. वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून, वीस टक्के वाया गेले असे मानूनही, २,४०,००० लिटर पाणी मिळते. सगळे साठवायला जागा नसते, पण पन्हळीतून जाळी आणि वाळूच्या गाळणीमार्गे ते विहिरीजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडता येते. पहिल्या दोन-तीन सरींचे मळके पाणी मात्र बाहेर काढून द्यावे.

सहावी पायरी : कचरा

ओला कचरा आवाराबाहेर जाऊ नये, एवढे एकच उद्दिष्ट पहिल्या वर्षी पुरेसे आहे. पालापाचोळा, भाज्यांची देठे आणि शेण-माती यांच्यासाठी नाडेप टाके उत्तम चालते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी ही पद्धत विकसित केली आणि त्यांच्या नावातील अक्षरांवरूनच तिला नाव मिळाले. विटांचे, भोके ठेवलेले, साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाके थरांनी भरले की तीन-चार महिन्यांत खत होते. मासळीचे अवशेष त्यात टाकले तर कुत्री टाके उकरतात. ते जुन्या रीतीप्रमाणे माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरावेत. नारळाची सोडणे आणि करवंट्या हे कोकणातले इंधन आहेच, न्हाणीच्या चुलीला ती पुरतात. शिळा भात, चपात्या आणि ताटातले उरलेले यांच्यासाठी लहान बायोगॅस संयंत्र विचारात घ्यावे; पुण्याच्या आरती (ॲप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या अशाच छोट्या संयंत्राला २००६ साली शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता. परंतु पाहुणे नसलेल्या पावसाळ्यात संयंत्राला काय घालणार, याचे उत्तर तयार असेल तरच ते बसवावे.

सुक्या कचऱ्यात सर्वांत मोठा वाटा पाण्याच्या बाटल्यांचा असतो. उकळून किंवा गाळून थंड केलेले पाणी काचेच्या बाटल्यांतून खोलीत ठेवले आणि पाण्याच्या तपासणीचा ताजा कागद जेवणघरात लावला की पाहुणे निश्चिंतपणे ते पितात. आम्ही कागद लावला नव्हता तोवर काचेच्या बाटल्या भरलेल्याच परत यायच्या. उरलेल्या सुक्या कचऱ्याचे काय करावे हे पाहायचे असेल तर वेंगुर्ला नगरपरिषदेचा प्रकल्प एकदा पाहून यावा. तिथे कचऱ्याचे बारीक वर्गीकरण करून पूर्वीच्या कचराभूमीचे उद्यान झाले आहे. ज्या गावात घंटागाडी येत नाही, तिथल्या चार-पाच निवासांनी मिळून भंगारवाल्याशी महिन्याचा दिवस ठरवावा.

सातवी पायरी : वीज आणि गॅस

इथे फार गुंतागुंत नाही. कार्बन उत्सर्जनाचा ढोबळ हिशोब असा : ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो आणि १९ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे ५७ किलो कार्बन डायऑक्साइड. समजा, महिन्याला १,४०० युनिटे आणि ५ सिलिंडर लागत असतील, तर विजेचे ९८० किलो आणि गॅसचे २८५ किलो होतात. म्हणजे आधी विजेकडे पाहायचे. वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवणे, पाहुणे बाहेर पडताच मुख्य बटण बंद होईल अशी चावीची सोय, गिझरऐवजी सौर उष्णजल आणि जुने पंखे बदलणे, हा क्रम खर्चाच्या दृष्टीने योग्य वाटतो. छपरावरील सौर वीज त्यानंतर. एक किलोवॉटचे संच दिवसाला सुमारे ४ युनिटे देते, आणि खारी हवा व वादळवारे लक्षात घेऊन त्याचा सांगाडा गंज न लागणारा व भक्कम अडकवलेला असावा.

आठवी पायरी : समुद्र, कासवे आणि होडी

सागरी कासवांपैकी ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. पिल्लांना उजेडाच्या दिशेने समुद्र सापडतो. आपल्या ओट्यावरचा पांढरा झगझगीत दिवा त्यांना जमिनीकडे ओढतो, आणि पहाटे ती कोरड्या वाळूत दमून मेलेली सापडतात. त्या महिन्यांत समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवावेत, अत्यावश्यक दिवे खाली वळलेले, झाकलेले आणि पिवळसर असावेत. पाहुण्यांना घरटे किंवा पिल्लू दिसल्यास हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायला सांगावे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या लोकांनी कासवांभोवती घरगुती निवासाचा व्यवसाय उभा केला. दिवे मालवल्याने पाहुणे तुटत नाहीत, याची याहून चांगली साक्ष कोणती?

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. तिथल्या प्रवाळांवर नांगर टाकला किंवा पाहुणा उभा राहिला तर वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात मोडते. होडीवाला आपला नोकर नाही, पण आपण पाहुणे कुणाकडे पाठवतो हे आपल्या हातात आहे. प्रवाळावर नांगर न टाकणारा, पाहुण्यांना आधी सूचना देणारा, मासे आकर्षित करण्यासाठी पाव-बिस्किटे न टाकणारा आणि कचरा परत आणणारा, अशा चार अटी लिहून त्या मान्य करणाऱ्यांकडेच पाठवावे.

नववी पायरी : माणसे, कागद आणि आणीबाणी

प्रशिक्षण म्हणजे भाषण नव्हे. मावशींना मीटर कसा वाचायचा, कुठल्या डब्यात काय, मापाचे झाकण किती, हे एकदा करून दाखवावे आणि महिनाभराने त्यांनाच करून दाखवायला सांगावे. काम करणाऱ्या माणसाला त्रुटी आधी दिसते, म्हणून वहीत ‘काय बिघडले’ असा एक रकाना ठेवावा आणि तो भरणाऱ्याला कधीही बोल लावू नये. कागदपत्रे एका जाड फाइलमध्ये मावतील एवढीच असावीत : धोरण, पैलूंची यादी, कायद्यांची वही, रोजच्या नोंदी, तपासण्यांचे निकाल आणि आढाव्याची टिपणे.

आणीबाणीसाठी प्रत्येकी एक पान पुरे. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या चक्रीवादळांनी कोकणाला काय करायचे राहून गेले होते ते दाखवले. वादळाची सूचना मिळताच डिझेलचे कॅन उंच जागी बांधणे, सिलिंडर बंद करून बाहेर साखळीने अडकवणे, सेप्टिक टँकची झाकणे पक्की करणे आणि विहीर झाकणे, एवढे कुणी व कोणत्या क्रमाने करायचे हे लिहावे, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला एकदा रंगीत तालीम करावी.

दहावी पायरी : तपासणी, आढावा आणि प्रमाणपत्राचा प्रश्न

वर्षातून एकदा आवाराची तपासणी आपल्याच व्यवसायातील दुसऱ्या घराकडून करून घ्यावी आणि त्यांची आपण करावी. स्वतःच्या मागील दारची घाण नजरेला सरावते, शेजाऱ्याच्या नजरेला ती लगेच दिसते. तपासणाऱ्याने कागद पाहावेत, पण त्याहून अधिक झाकणे उघडून पाहावीत. त्रुटी सापडली की तात्पुरता इलाज आणि मूळ कारण वेगवेगळे लिहावे. शोषखड्डा उपसला हा इलाज झाला. तो का भरला, तर न्हाणीघरांची संख्या वाढली आणि खड्डा जुनाच राहिला, हे कारण झाले.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात. आयएसओ संस्था स्वतः प्रमाणपत्र देत नाही. ते स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात, त्याची मुदत तीन वर्षांची असते आणि दरम्यान दरवर्षी पाहणी होते. हे मानक किती लिटर किंवा किती युनिटे वापरावीत हे सांगत नाही, तर आपण ठरवलेले आपण करतो का एवढे पाहते. म्हणून प्रमाणपत्र असलेले घर आपोआप कमी प्रदूषण करणारे ठरत नाही. मोठ्या सहल कंपन्या किंवा परदेशी पाहुणे मागत असतील तरच तो खर्च करावा, आणि त्याआधी दोन पूर्ण वर्षांच्या नोंदी हाताशी असाव्यात.

वार्षिक आढाव्याला जूनचा दुसरा आठवडा चांगला. पाहुणे परतलेले असतात, पाऊस लागलेला असतो आणि सगळे घरातच असतात. मावशी, स्वयंपाक करणाऱ्या वहिनी, बागेचे दादा, सर्वांना बसवून वही मोठ्याने वाचावी : गेल्या वर्षी दर पाहुणा-रात्रीला किती पाणी, किती वीज, काय ठरवले आणि त्यातले काय झाले. ज्यावर खर्च लागणार त्याची रक्कम आणि महिना तिथेच ठरवावा. मग छत्र्या घेऊन सर्वांनी मागील दारी जावे, शोषखड्ड्याचे झाकण उचलावे आणि पाण्याची पातळी, त्या दिवसाची तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव नव्या वहीच्या पहिल्या ओळीत लिहावे.